चाळीस इंचांचा पाइप

फेब्रुवारीची थंडी ओसरली की आमच्या कॉलेजात प्रोजेक्टचा हंगाम सुरू होतो. वर्षभर न दिसलेली मुलं एकदम दारात उभी राहतात. कुणाच्या हातात पेन ड्राइव्ह, कुणाच्या हातात मार्करनं नाव लिहिलेली सीडी, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच : "मॅडम, याच्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" कुणाला पुलाचा सांगाडा तपासायचा असतो, कुणाला ओढ्याचा पूर, कुणाला मातीच्या बांधातून झिरपणारं पाणी. मी चष्मा काढते, पुसते, पुन्हा घालते. मुलांना वाटतं, मॅडम विचार करतायत. खरं तर तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या गरम झालेल्या असतात.

याच दिवसांत वेल्ह्याकडच्या उतारांवर राब भाजायला लागतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तो धूर भडकत नाही, नुसता सरपटतो. संध्याकाळी कापूरहोळच्या फाट्यावर बसची वाट बघत उभं राहिलं तरी कधी कधी त्याचा वास येतो. लोकांना तो वास चांगला वाटतो. मलाही वाटायचा. पण एका उन्हाळ्यानंतर तो आला की मी पदर नाकाला लावते, आणि बरोबरच्या बाई विचारतात, "सर्दी झाली का?" मी हो म्हणते.

तो उन्हाळा शतक संपायच्या जरासा आधीचा. मी नुकतीच इंजिनिअर झाले होते आणि भोरला, एसटी डेपोजवळ, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर एका छोट्या ऑफिसात नोकरीला लागले होते. आम्ही वाड्यावस्त्यांसाठी नळयोजना आखून द्यायचो. ऑफिसात साहेब, मी, एक टायपिस्ट आणि हमीदचाचा. आणि एक कॉम्प्युटर, ज्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. साहेब तर आत जाताना आवाजसुद्धा खाली आणायचे.

हमीदचाचा म्हणजे आमचे सर्व्हेअर. साठीच्या आसपासचे, भोरातच जन्मलेले, वाढलेले. उंची मोजायची दुर्बीण खांद्यावर टाकून त्यांनी या दोन तालुक्यांतला बहुतेक प्रत्येक डोंगर पायाखाली घातला होता. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला ताई. वेल्ह्याच्या एका खोऱ्यातलं काम आलं तेव्हा आम्ही दोघंच जायचो. नसरापूरला एसटी बदलायची, पुढं जीप मिळाली तर जीप, नाहीतर पायी. चाचा दुर्बिणीला डोळा लावून उभे राहायचे आणि मी पुढं जाऊन आकडे रंगवलेली उंच लाकडी पट्टी धरायची. ते आकडा वाचायचे, वहीत लिहायचे, मग दोघांनी पुढं सरकायचं. उतारांवर राब धुमसत असायचे, पांगाऱ्याची लाल फुलं पायाखाली यायची. करवंदीच्या जाळीतून एक गोड, जरा उग्र वास यायचा. चाचा लांबून ओरडायचे, "ताई, पट्टी सरळ! तुमी वाकल्या की डोंगर वाकतुया!"

योजना साधी होती. डोंगराच्या कुशीतल्या बारमाही झऱ्याचं पाणी टाकीत घ्यायचं, पाइपानं खालच्या दोन वाड्यांना द्यायचं आणि तोच पाइप पुढं चढवून समोरच्या डोंगरसोंडेवरच्या वरच्या वाडीपर्यंत न्यायचा. पंप नाही, वीज नाही. टाकी वरच्या वाडीपेक्षा अठरा मीटर उंच होती. तेवढ्या उंचीच्या जोरावर पाणी आपोआप चढायला हवं होतं.

साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "गणितं आता कॉम्प्युटरवर करायची. कुठला प्रोग्रॅम घ्यायचा ते तू ठरव. तू शिकलेली आहेस."

तोपर्यंत कुणी मला काही ठरव म्हटलं नव्हतं. घरी नाही, कॉलेजात नाही. वर्गात आम्ही तीन मुली होतो आणि प्रयोगाच्या तासाला आमच्याकडं वही दिली जायची, हत्यार मुलांच्या हातात. त्यामुळं 'तू ठरव' हे दोन शब्द मी किती तरी दिवस मनात घोळवत होते. आणि ठरवलं मात्र वीस मिनिटांत.

समोर तीन गोष्टी होत्या. एक, आमच्या कॉलेजातल्या म्हाताऱ्या सरांनी लिहिलेला प्रोग्रॅम. एका फ्लॉपीत मावणारा. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तो एकेक गोष्ट विचारायचा : लांबी किती, मीटरमध्ये? व्यास किती, मिलिमीटरमध्ये? आकडा जगावेगळा वाटला तर अडून बसायचा आणि पुन्हा विचारायचा. दुसरी, स्प्रेडशीट. चाचांचं हातानं करायचं कोष्टक जसंच्या तसं तिच्यात उतरवता आलं असतं, कुठल्याही चौकोनावर बोट ठेवलं की आतलं सूत्र दिसलं असतं. आणि तिसरा, पुण्याहून कुणीतरी सीडीवर उतरवून दिलेला परदेशी प्रोग्रॅम. तो उघडला की पांढऱ्या पडद्यावर आपण माउसनं पाइप काढायचे, टाकी ठेवायची, एक बटण दाबायचं, की सगळे पाइप रंगीत व्हायचे. पाणी पोचलं तर निळे, नाही पोचलं तर लाल.

मी निळ्याला भुलले. आणखी कारण शोधायचा अर्थ नाही. सरांच्या काळ्या पडद्याला मी साहेबांसमोर हसले होते, हेही सांगून टाकते. "हा तर जुन्या बाजारातला आहे, साहेब," असं म्हणाले होते मी.

चाचा जमिनीवर वही मांडून बसत. आकड्यांचं कोष्टक, कडेला पेन्सिलीच्या खुणा. एका दुपारी ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"ताई, वरच्या वाडीला पानी जायचं न्हाई."

"का?"

"पाइप बारीक हाय. चाळीस मिलिमीटरचा. एवढ्या लांबच्या वाटंत पानी पाइपाला घासत जातंय, त्यात जोर संपतुया. आपल्याकडं उंची अठरा मीटरची. ती सगळी वाटंतच खर्च हुतीय. निम्म्या वाटंपतूर तरी पाइप मोठा घ्या."

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. टाकीपासून वरच्या वाडीपर्यंत निळी रेघ.

"चाचा, बघा. पोचतंय."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, वाकून बघितलं. "कसं काय पोचतंय? घासून किती जातंय ते दावा की."

ते एक बटण दाबून दिसलं असतं. घर्षणात जाणारी उंची जवळजवळ शून्य दाखवत होता तो. मी ते बघितलंही होतं. दोन किलोमीटरच्या बारीक पाइपात घर्षण शून्य, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही खटकावं. मला वाटलं, काय अचूक प्रोग्रॅम आहे!

"चाचा, हा मोठमोठ्या इंजिनिअरांनी लिहिलाय," मी म्हणाले. "वहीतल्या कोष्टकावर नाही चालत तो."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बरं," म्हणाले. "तुमी शिकलेल्या."

साहेबांनी तेच वाक्य कौतुकानं म्हटलं होतं. चाचांनी कशानं म्हटलं हे तेव्हा मला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

गावात नकाशा दाखवायला गेलो तेव्हा मी रंगीत प्रिंट नेली होती. देवळाच्या ओट्यावर बायका दाटीनं बसल्या. वरच्या वाडीच्या चिमाबाई सगळ्यांत पुढं. पन्नाशीच्या, डोक्यावर इतकी वर्षं हंडे वाहून मानेच्या शिरा दोरीसारख्या झालेल्या. त्यांनी निळ्या रेघेवरून बोट फिरवलं, पार टोकापर्यंत, आणि विचारलं, "ह्ये टोक म्हंजी आमचं घर का?" मी हो म्हणाले. त्या लाजल्यासारखं हसल्या.

वरच्या वाडीजवळ एक लहानसा झरा होता, उन्हाळ्यात तळाशी दोन वीत पाणी राहणारा. त्याभोवती कधी काळी कुणी घडीव दगडांचं टाकं बांधलेलं होतं. नळ येणार म्हणून गावकऱ्यांनी आनंदानं ते दगड काढले आणि नव्या नळाच्या ओट्याला लावले. कुणी काढा म्हटलं नव्हतं. पण नका काढू असंही कुणी म्हटलं नाही. मी तिथंच उभी होते.

एप्रिलच्या शेवटी पाणी सोडलं. खालच्या दोन्ही वाड्यांत नळ धो धो वाहिले, पोरं भिजली, कुणीतरी गुलाल उधळला. आम्ही वर चढून गेलो. ओट्याला फुलांची माळ, नारळ, नवे हंडे ओळीत. चिमाबाईंनी नळ फिरवला. आतून फुस्स आवाज आला. मग काही नाही. अर्धा तास आम्ही तिथं उभे होतो. चिमाबाई मधून मधून नळाला तळहात लावत होत्या. "वारं येतंय नुस्तं," म्हणाल्या.

नंतर रोज तेच. खालच्या वाड्यांनी नळ बंद ठेवले तर वर करंगळीएवढी धार, आणि कोण ठेवणार बंद? टाकं मोडलेलं, झऱ्याच्या जागी चिखल. वरच्या वाडीच्या बाया मे महिन्याच्या उन्हात पार खालच्या ओढ्यापर्यंत उतरायला लागल्या. पूर्वी निदान ती वेळ कधी आली नव्हती.

कुणाची तरी चूक असणारच. गावातल्या एका तरुणानं चाचांकडं बोट दाखवलं. "म्हाताऱ्याला दिसतंय कुठं आता? दुर्बिणीतनं काय बघितलं त्यानंच जानं. उंची चुकीची लिवली." बाकीच्यांनी माना हलवल्या. साहेबांनीही त्याला अडवलं नाही. चिमाबाई पुढं आल्या आणि चाचांच्या तोंडासमोर हात नाचवत म्हणाल्या, "आमच्या बायांचा तळतळाट लागंल तुमाला! लागंल!"

चाचा एवढंच म्हणाले, "म्या उंची बरोबर घेतलीया, बाई." बारीक पाइपाचं नाव त्यांनी काढलं नाही.

पट्टी मी धरली होती. प्रत्येक आकडा त्यांनी दोनदा वाचलेला मी ऐकला होता. मी काही बोलले नाही. तेव्हा निदान चूक नेमकी कुठं आहे हे मला माहीत नव्हतं, एवढीच माझी सोय.

ती सोय दुसऱ्याच दिवशी संपली. सकाळी लवकर ऑफिसला जाऊन मी ती फाइल उघडली. माझं गणित बरोबर आहे हे छापून ठेवावं, एवढाच हेतू. एका पाइपवर माउस टेकवला. छोटी चौकट उघडली. व्यास : ४०. आणि त्याच्यापुढं, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंच.

सुरुवातीला एकदाच, सगळ्या कामासाठी, मापं कुठली ते सांगायचं असतं. मी ते पान न वाचता पुढं गेले होते. प्रोग्रॅमनं त्याच्या देशातली मापं गृहीत धरली. मी चाळीस मिलिमीटरचा पाइप टाकला होता, त्यानं चाळीस इंचांचा मानला. मुठीत मावणाऱ्या नळीच्या जागी माणूस उकिडवा बसून शिरेल एवढा पाइप. त्यातून पाणी कुठंही पोचलं असतं.

मी मापं बदलली. बटण दाबलं. टाकी निळी, खालच्या वाड्या निळ्या, आणि पुढची सोंड चढणारी रेघ लाल झाली. सबंध चढ लाल. चाचांनी कागदावर काढलेला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा, दोघांत नावापुरता फरक.

मी फाइल बंद करायला लागले. बदल जपून ठेवायचे का, असं त्यानं विचारलं. मी 'नाही' दाबलं.

त्याच दुपारी चाचा आले. "ताई, येता का? सगळी उंची म्या पुन्यांदा घेतो. माझं चुकलं असंल तर माझ्या डोळ्यांनी बघू दे."

मी गेले. नाही कसं म्हणणार, आणि हो म्हणून तरी काय केलं मी? वैशाखातले तीन दिवस तो म्हातारा माणूस टाकीपासून वरच्या वाडीपर्यंत पुन्हा चढला. दर शंभर पावलांवर दुर्बीण रोवायची, वाकायचं, डोळा लावायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, ते रुमालानं टिपून पुन्हा वाचायचं. आणि मी समोर पट्टी धरून उभी. सगळं माहीत असून उभी. दर वेळी ते पट्टीकडं बघत होते आणि मला वाटत होतं, माझ्याकडंच बघतायत. करवंदं काळी झाली होती. त्यांनी ओंजळभर तोडून मला दिली. मी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी वरच्या वाडीच्या ओट्यावर बसून त्यांनी बेरीज-वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "दोन सेंटीमीटर! ताई, एवढ्या वाटंत फकस्त दोन सेंटीमीटरचा फरक. म्हातारा आंधळा न्हाई अजून!"

"नाही चाचा," मी म्हणाले. मी हसलेसुद्धा.

त्यांनी वही साहेबांना दाखवली. साहेबांनी मला विचारलं, "मग चुकलं कुठं?" मी म्हणाले, पाइपात काहीतरी अडकलं असेल. खरं सांगितलं ते पावसाळ्यात, साहेबांना एकट्याला, केबिनचं दार लावून. "आता कुठं बोलू नकोस," साहेब म्हणाले. "ऑफिसचं नाव जाईल. तुझंही." दिवाळीनंतर टाकीपासूनचा निम्मा पाइप बदलून मोठा घातला. पाणी वर गेलं. गावात सांगितलं, उंची पुन्हा मोजली म्हणून दुरुस्ती झाली. ते खोटं नव्हतं आणि त्याहून मोठं खोटंही दुसरं नव्हतं. म्हणजे पहिली मोजणी चुकलीच होती, असं समजून चाचांचं आंधळेपण गावानं कायमचं धरून ठेवलं. चाचा पुढं ऑफिसला आले नाहीत. साहेबांनी बोलावलंही नाही. मी वर्षभरानं नोकरी सोडली आणि शिकवायला लागले.

शिकवताना मी मुलांना काय सांगते? साधनाचा चेहरा बघू नका. ज्यानं ते रोज वापरलंय त्याला विचारा, जाहिरात करणाऱ्याला नाही. ज्या गणिताचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असं एक छोटं गणित त्याला घाला, बघा काय म्हणतो. कुठल्या मापात बोलतोय ते विचारा. फुकट आहे, साधा आहे, म्हणून हसू नका, आणि महाग आहे म्हणून मान झुकवू नका. हे सगळं मी फार ठामपणे सांगते. मुलं लिहून घेतात. इतक्या ठामपणाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजलेली आहे, हे त्यांना ठाऊक नसतं.

एका वर्षी मी ही गोष्टच वर्गात सांगितली. फक्त मी तिच्यात नव्हते. "एका इंजिनिअरनं अशी चूक केली," असं म्हणाले. चाळीस इंच म्हटल्यावर मुलं खो खो हसली. मीही हसण्यात सामील झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "मॅडम, मग त्या सर्व्हेअरचं काय झालं?"

मी म्हणाले, "पुढं माहिती नाही." आणि फळा पुसायला वळले. तो आधीच पुसलेला होता.

त्या शनिवारी मी भोरला गेले. चाचांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. दारात बाज टाकून बसले होते, खूप वाळलेले. मला लगेच ओळखलं. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं : इंच, ती सकाळ, 'नाही' दाबलेलं. आणि ते तीन दिवस.

चाचांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "म्हंजी पट्टी धरली तवा तुमाला ठावं हुतं?"

"हो."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही, परतही केली नाही. म्हणाले, "मला सांगून काय करता, ताई? माझी उंची बरोबर हुती ह्ये मला ठावंच हाय. तिकडं सांगा. देवळाच्या वट्यावर. त्या बाया असतील तवा."

पुढच्या रविवारी मी एकटी गेले. सोंडेवरून खाली राब धुमसत होते. वरच्या वाडीच्या नळाला पाणी होतं, बाया भांडी घासत होत्या. त्यांनी मला चहा दिला. देवळाच्या ओट्यावर माणसं जमवली, मॅडम आल्यात म्हणून. मी बोलले. किती वेळ बोलले माहीत नाही, सात-आठ वाक्यं असतील. चूक माझी होती. म्हाताऱ्यांची नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं.

कुणी ओरडलं नाही. ओरडतील अशी तयारी करून गेले होते, ती वाया गेली. बोट दाखवणारा तो तरुण आता दोन मुलांचा बाप झाला होता. तो उठून देवळामागं गेला. चिमाबाई मात्र समोरच बसून होत्या.

"आगं बये," त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला म्या तोंडावर बोलले. तळतळाट लागंल म्हनले. ते आता कसं माघारी घ्यायचं?"

चाचांचं घर भोरात कुठं आहे ते मी सांगितलं, आणि डेपोवर घ्यायला येते म्हणाले.

मंगळवारी सकाळी चिमाबाई आणि वाडीतल्या आणखी दोघी दोन एसट्या बदलून भोरला आल्या. मी त्यांना डेपोवर भेटले आणि वाट दाखवत पुढं चालले. चिमाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि फडक्यात तांदूळ बांधून आणले होते. चाचा बाजेवरून उठून उभे राहिले. चिमाबाई त्यांच्या पायाशी वाकायला गेल्या तर त्यांनी घाईनं हात पुढं केले.

"न्हाई न्हाई, बाई. असलं काई करायचं न्हाई. या, आत या. उन्हातनं आलाय."

तिघी एकेक करून उंबरा ओलांडून आत गेल्या. आत कुणीतरी चहाचं आधण ठेवलं, चटई झटकल्याचा आवाज आला. मी गल्लीत उभी होते. चाचा दाराच्या चौकटीला धरून माझ्याकडं पाठ करून उभे होते. मला वाटलं, आता दार लागेल, आणि ते बरोबरच होईल.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान अर्धी वळवली. "तुमी बी या," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघताच आत गेले.